डिप्रेशनच्या गोळीला अँटिसायकोटिकची जोड: कोणती, कोणाला, किती दिवस

अँटिडिप्रेसंट आठवडेच्या आठवडे नियमित घेतलं, डोसही वाढवला, तरी मन निम्म्यावरच अडकलेलं असतं. मग डॉक्टर म्हणतात, "याच्या जोडीला अजून एक छोटी गोळी देऊन बघू." घरी येऊन पाकिटावरचं नाव शोधावं, तर पहिल्याच ओळीत स्किझोफ्रेनिया! पोटात गोळा येतो. काही जण गोळी सुरूच करत नाहीत. काही जण काहीच न विचारता सुरू करतात आणि मूळ आजार बरा होऊन वर्षं लोटली तरी घेत राहतात. या दोन्हींतून नुकसानच होतं.

नैराश्यात जोड म्हणून दिलेल्या अँटिसायकोटिकचा (मुळात भ्रम-भासांवरच्या औषधाचा) डोस बहुधा स्किझोफ्रेनियातल्या डोसपेक्षा बराच कमी असतो. अ‍ॅरिपिप्राझोल तिथे १० ते ३० मि.ग्रॅ. देतात, इथे २ ते १५. तेवढ्याने ते निरुपद्रवी ठरत नाही, पण नावाचा बाऊ करायचंही कारण नाही. निवड करताना औषधं सुटी सुटी तोलू नका, जोडी तोला. तेच अ‍ॅरिपिप्राझोल सर्ट्रालिन या अँटिडिप्रेसंटसोबत एक वागतं आणि पॅरोक्सेटिनसोबत दुसरं. आणि गोळी सुरू करण्याच्या दिवशीच ती कधी थांबवायची हे विचारून ठेवा.

## आधी एवढं पाहा: जोड लागतेच का

सर्ट्रालिन ५० मि.ग्रॅ. चार आठवडे घेऊन "लागू पडलं नाही" म्हणणं घाईचं आहे. डोस सोसेल तिथपर्यंत वाढवून, न चुकवता ६ ते ८ आठवडे घेतल्यावरच औषधाची परीक्षा झाली असं धरतात. आठवड्यातून दोनतीन गोळ्या राहत असतील तर तो प्रश्न नवी गोळी सोडवणार नाही. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, दारूचं प्रमाण आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास एकदा तपासून घ्यावा. आणखी एक प्रश्न नातेवाइकांना विचारायलाच हवा: आयुष्यात कधी चार-आठ दिवस झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, भरमसाठ खर्च, थांबता न येणारं बोलणं असं झालं होतं का? झालं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि हिशेबच बदलतो. बायपोलर नैराश्यात क्वेटियापिन, लुरासिडोन किंवा कॅरिप्राझिन अनेकदा एकटंच पुरतं. तिथे अँटिडिप्रेसंट दिलंच तर मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आधारानेच देतात.

हे सगळं तपासून झाल्यावर साधारण चार वाटा उरतात: औषध बदलणं, दुसरं अँटिडिप्रेसंट जोडणं, लिथियम जोडणं किंवा अँटिसायकोटिक जोडणं. या वाटांच्या परिणामात लोकांना वाटतं तेवढी तफावत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत १,५२२ रुग्णांचे तीन गट होते. १२ आठवड्यांत पूर्ण आराम पडलेले रुग्ण असे: बुप्रोपिऑनवर (हे दुसरं अँटिडिप्रेसंट) बदली केलेल्यांत २२.३ टक्के, बुप्रोपिऑन जोडलेल्यांत २६.९ टक्के आणि अ‍ॅरिपिप्राझोल जोडलेल्यांत २८.९ टक्के. म्हणजे अ‍ॅरिपिप्राझोल पुढे, पण थोडंसंच. बुप्रोपिऑनच्या गटांत घालमेल जास्त दिसली, तर अ‍ॅरिपिप्राझोलच्या गटात वजनवाढ, सुस्ती आणि अकाथिसिया (स्वस्थ बसूच न देणारी आतली अस्वस्थता). साठीपुढच्या लोकांवरच्या २०२३ मधल्या चाचणीत अ‍ॅरिपिप्राझोलची जोड २८.९ टक्के, बुप्रोपिऑनची जोड २८.२ टक्के अशी बरोबरी झाली, नुसती बदली १९.३ टक्क्यांवर राहिली, पण बुप्रोपिऑन जोडलेल्यांत पडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. तोल जाणाऱ्या वयस्क माणसासाठी टक्क्यांतल्या किरकोळ फरकापेक्षा हा मुद्दा मोठा.

लिथियमची जोड जुनी आणि भरवशाची, पण ठरावीक काळाने रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड तपासावं लागतं. आत्महत्येचे विचार वारंवार येणाऱ्यांसाठी ते नाव चर्चेत यायला हवं. तपासण्या झेपणार नसतील किंवा किडनी कमकुवत असेल तर अँटिसायकोटिकची बाजू जड होते.

एका ठिकाणी मात्र पर्याय तोलत बसायचं नसतं. नैराश्यासोबत भ्रम असतील, म्हणजे "मी मोठं पाप केलंय", "माझी आतडी सडली आहेत", "पोलिस मला न्यायला येणार आहेत" असं रुग्ण ठामपणे म्हणत असेल, तर दोन्ही औषधं सुरुवातीपासूनच लागतात. ओलान्झापिन अधिक सर्ट्रालिन विरुद्ध नुसतं ओलान्झापिन अशा २००९ मधल्या चाचणीत बरे झालेल्यांचं प्रमाण ४१.९ विरुद्ध २३.९ टक्के होतं. पुढे २०१९ मध्ये, बरं वाटल्यावर ओलान्झापिन काढून घेतलेल्यांपैकी ३६ आठवड्यांत ५४.८ टक्के लोकांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांत २०.३ टक्के. इथे डोसही छोटा नसतो. ओलान्झापिन १५ ते २० आणि सर्ट्रालिन १५० ते २०० मि.ग्रॅ. पर्यंत नेलं होतं. खाणंपिणं सुटलं असेल तर ईसीटी (भूल देऊन केलेला विजेचा उपचार) लवकर विचारात घ्यावी, गोळ्यांची वाट पाहण्यात दिवस जातात.

## जोडीदार समोरासमोर

खालचे डोस फक्त नैराश्यात जोड म्हणून, प्रौढांसाठी आहेत. वय जास्त असेल किंवा लिव्हर कमजोर असेल तर सुरुवात याच्याही खालून होते.

| औषध | सुरुवात (मि.ग्रॅ.) | नेहमीची कक्षा (मि.ग्रॅ.) | जास्त भेडसावणारा त्रास | वजन, साखर |
|---|---|---|---|---|
| अ‍ॅरिपिप्राझोल | २ ते ५ | ५ ते १०, कमाल १५ | अकाथिसिया, झोपमोड | कमी ते मध्यम |
| ब्रेक्सपिप्राझोल | ०.५ ते १ | २, कमाल ३ | अकाथिसिया, पण तुलनेने कमी | मध्यम |
| कॅरिप्राझिन | १.५ | १.५ ते ३ | अकाथिसिया, मळमळ. त्रास उशिराही उगवतो | कमी |
| क्वेटियापिन एक्सआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) | ५० | १५० ते ३०० | गुंगी, उठताना चक्कर, बद्धकोष्ठ | जास्त |
| ओलान्झापिन (फ्लुऑक्सेटिनसोबत) | ६ | ६ ते १८ | भूक, सुस्ती | सर्वांत जास्त |
| रिस्पेरिडोन | ०.२५ ते ०.५ | ०.५ ते २ | प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढणं, ताठरपणा | मध्यम |

पहिल्या पाच औषधांना अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्यातल्या या वापरासाठी अधिकृत मंजुरी दिली आहे: अ‍ॅरिपिप्राझोल २००७, क्वेटियापिन एक्सआर आणि ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिन २००९, ब्रेक्सपिप्राझोल २०१५, कॅरिप्राझिन २०२२. रिस्पेरिडोन याच कामासाठी अनेक डॉक्टर देतात, पण ते लेबलबाहेर.

झोप अजिबात नाही, भूक मेलेली, वजन उतरलेलं, रात्रभर येरझाऱ्या, अशा माणसाला क्वेटियापिनची गुंगी सोयीची पडते. दिवसभर अंथरुणात, आधीच वजनदार, साखर काठावर, अशा माणसाला तीच गोळी दिली तर सहा महिन्यांनी दोन आजार घेऊन बसावं लागतं. त्याच्यासाठी अ‍ॅरिपिप्राझोल किंवा कॅरिप्राझिन बरं. उलट, ज्याला आधीच सतत घालमेल आहे, हातपाय स्वस्थ नाहीत, त्याला अ‍ॅरिपिप्राझोल देताना दोनदा विचार हवा. ओलान्झापिन आम्ही तरी भ्रम असलेल्या किंवा बाकी काहीच चालत नसलेल्या नैराश्यासाठी राखून ठेवू. औषध ताकदीचं आहे यात वाद नाही, पण कंबरेचा घेरही तेच सर्वांत जास्त वाढवतं.

क्वेटियापिनबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. झोपेसाठी रात्री दिलेली २५ किंवा ५० मि.ग्रॅ.ची गोळी म्हणजे नैराश्याची जोड नव्हे. तेवढ्या डोसमध्ये ते मुख्यतः अँटिहिस्टामिनसारखं, गुंगी आणण्यापुरतं काम करतं, पण वजन मात्र तेवढ्यानेही वाढू शकतं. म्हणजे तोटा पदरात आणि फायदा नाही. जोड म्हणून द्यायचं तर १५० ते ३०० पर्यंत जावं लागतं. पहिले दोन दिवस ५०, तिसऱ्या दिवशी १५०, रोज संध्याकाळी. एक्सआर गोळी तोडायची, चघळायची नाही, आणि भरपेट जेवणावर घ्यायची नाही, नाहीतर औषध रक्तात एकदम चढतं.

### अकाथिसिया ओळखणं

अ‍ॅरिपिप्राझोलच्या नैराश्यातल्या चाचण्यांत अकाथिसियाशी संबंधित त्रास २५ टक्के लोकांना झाला, नुसत्या अँटिडिप्रेसंटसोबत खोटी गोळी घेणाऱ्यांत ४ टक्क्यांना. दर चार माणसांत एकाला होणारा हा त्रास घरच्यांना आधी सांगितलेलाच नसतो, आणि तिथे घोळ होतो. माणूस खुर्चीत बसतो, दोन मिनिटांत उठतो, परत बसतो. उभा असेल तर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहतो. विचारलं की म्हणतो, "आतून कोणीतरी ढकलतंय." घरच्यांना वाटतं घालमेल वाढली, आजार उलटला. फोनवर तसंच सांगितलं जातं, डोस वाढवला जातो आणि त्रास दुप्पट होतो.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: भीतीचे विचार येतात म्हणून उठता, की विचार काहीच नसताना पायच थांबत नाहीत? दुसरी खूण वेळेची. गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत सुरू झालं असेल तर संशय औषधावर घ्या. उपाय पहिला: डोस कमी. उपाय दुसरा: प्रोप्रानोलॉल १० ते २० मि.ग्रॅ. दिवसातून दोन-तीनदा, दमा असेल तर नाही. तीव्र अकाथिसियात जीव नकोसा वाटतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून "पुढच्या भेटीत बघू" असं म्हणून हे ढकलू नये.

## तुमची आधीची गोळी कोणती, हा अर्धा हिशेब

लिव्हरमध्ये औषधं फोडणारी काही एन्झाइम असतात. या जोड्यांच्या बाबतीत तीन महत्त्वाची: सीवायपी २डी६, १ए२ आणि ३ए४. काही अँटिडिप्रेसंट ही एन्झाइम अडवतात. मग जोडीला दिलेलं अँटिसायकोटिक फुटत नाही, साचत जातं, आणि कागदावर छोटा दिसणारा डोस अंगात मोठा होतो.

२डी६ अडवण्यात पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन आणि बुप्रोपिऑन आघाडीवर. ड्युलोक्सेटिन मध्यम. सर्ट्रालिन १०० पर्यंत फारसं त्रास देत नाही, १५०-२०० ला थोडं अडवतं. एस्सिटालोप्राम, वेन्लाफॅक्सिन, मिर्टाझापिन या बाबतीत बरेच निरुपद्रवी. आणि याच एन्झाइमवर अवलंबून असणारी अँटिसायकोटिक म्हणजे रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल, ब्रेक्सपिप्राझोल, आणि बऱ्याच अंशी हॅलोपेरिडॉल.

रिस्पेरिडोनचं उदाहरण घ्या. फ्लुऑक्सेटिनसोबत रक्तातलं मूळ रिस्पेरिडोन अडीच ते पावणेतीन पट होतं, पॅरोक्सेटिनसोबत ३ ते ९ पट. त्यातून निघणारं दुसरं रूपही काम करतं आणि ते तेवढं वाढत नाही, त्यामुळे एकूण परिणाम नऊपट होत नाही. पण १ मि.ग्रॅ.वर ठीक असलेला माणूस पॅरोक्सेटिन सुरू केल्यावर पंधरवड्यात लाळ गाळू लागतो, चेहरा कोरा पडतो, चाल आखडते, हे घडतं. अशा जोडीत रिस्पेरिडोन ०.२५ पासून चढवावं.

अ‍ॅरिपिप्राझोल अशा अडवणाऱ्या गोळीसोबत रक्तात साधारण दुप्पट होतं. स्किझोफ्रेनियात म्हणून डोस अर्धा करायला सांगतात. नैराश्यातल्या जोडीसाठी अधिकृत माहितीत तशी कपात नाही, कारण डोसच छोटा आहे. तरी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिनवर असलेल्या माणसाला ५ ऐवजी २ मि.ग्रॅ. पासून सुरू करणं शहाणपणाचं. एक गोष्ट आणखी: अ‍ॅरिपिप्राझोलचं अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे ७५ तासांचं, म्हणजे पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे जातात. ज्यांच्यात २डी६ जन्मतःच कमजोर असतं त्यांच्यात ते १४६ तासांवर जातं आणि पातळी महिनाभर चढत राहते. तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून डोस वाढवणं, किंवा त्रास होतोय म्हणून गोळी बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी आराम पडावा अशी अपेक्षा करणं, दोन्ही चुकतं. कॅरिप्राझिन याहून हट्टी. त्याचं एक सक्रिय रूप अंगात आठवडेच्या आठवडे साचतं, त्यामुळे पहिला पंधरवडा छान गेला आणि पाचव्या आठवड्यात अस्वस्थता सुरू झाली असं होऊ शकतं.

१ए२ वर क्लोझापिन आणि ओलान्झापिन अवलंबून. हे एन्झाइम जोरात अडवणारी एकच अँटिडिप्रेसंट लक्षात ठेवा: फ्लुवॉक्सामिन. क्लोझापिनवर फ्लुवॉक्सामिन घातलं तर पातळी अनेक पट चढते आणि झटके (फिट) येऊ शकतात. अत्यंत अनुभवी हातांत, रक्तातली पातळी मोजत, तेही क्वचितच हा प्रयोग होतो. इतरांनी ही जोडी विसरावी. ओलान्झापिनची पातळीही फ्लुवॉक्सामिनने दीड ते दोन पट होते.

याच एन्झाइमला सिगारेटचा धूर उलट उत्तेजन देतो. निकोटिन नव्हे, धूर. म्हणून धूम्रपान करणाऱ्याने क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असताना सिगारेट सोडली की त्याच डोसवर आठवडाभरात पातळी बरीच चढते. निकोटिनची पट्टी लावली तरी हे थांबत नाही. सिगारेट जरूर सोडा, पण सोडायच्या आधी डॉक्टरांना तारीख कळवा. रुग्णालयात भरती झाल्यावर सिगारेट आपोआप सुटते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण गुंगीत जातो, त्याचं कारण अनेकदा हेच.

३ए४ वर क्वेटियापिन, कॅरिप्राझिन, लुरासिडोन. इथे धोका अँटिडिप्रेसंटकडून कमी, बाहेरून जास्त येतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा केटोकोनॅझोल सुरू झालं तर क्वेटियापिनचा डोस एक षष्ठांशावर आणायला सांगितलेलं आहे. उलट कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा रिफाम्पिसिन सुरू असेल तर क्वेटियापिन इतक्या वेगाने फुटतं की नेहमीचा डोस कुचकामी ठरतो. घसादुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी दोन्ही गोळ्यांची नावं सांगा.

एन्झाइमशी संबंध नसलेले, पण एकमेकांवर चढणारे परिणामही आहेत. मिर्टाझापिन अधिक ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन: भूक आणि झोप दोन्हीकडून वाढते. ट्रॅझोडोन अधिक क्वेटियापिन: रात्री लघवीला उठताना रक्तदाब घसरून पडणं. अमिट्रिप्टिलिन अधिक क्लोझापिन किंवा ओलान्झापिन: तोंड कोरडं, लघवी अडकणं आणि बद्धकोष्ठ. क्लोझापिनसोबतचं बद्धकोष्ठ हसण्यावारी नेऊ नये, आतडी ठप्प होऊन जीव गेल्याची उदाहरणं आहेत. बुप्रोपिऑन अधिक क्लोझापिन: दोन्हींमुळे झटके (फिट) सहज येऊ शकतात. ही जोडी टाळावी.

तयार मिश्र गोळ्यांचा सोस नको. ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन-परफेनाझिन अशा गोळीत एकाचा डोस दुसऱ्याला हात न लावता बदलता येत नाही, आणि थांबवताना दोन्ही एकदम थांबतात. फ्लुपेंटिक्सॉल ०.५ अधिक मेलिट्रासेन १० मि.ग्रॅ. ही गोळी तर "टेन्शनची" म्हणून वर्षानुवर्षं घेतली जाते. तिच्यात अँटिसायकोटिक आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं, आणि जबड्याची हालचाल सुरू झाली की दातांच्या डॉक्टरकडे चकरा होतात.

## हृदयाचा भाग

ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर मोजतात. ते लांबलं तर हृदयाची धोकादायक अनियमित लय सुरू होऊ शकते. सिटालोप्राम हे अंतर डोसप्रमाणे लांबवतं, म्हणून कमाल डोस ४० मि.ग्रॅ., साठीनंतर २०. एस्सिटालोप्राम त्याच घराण्यातलं, जरा सौम्य. त्याला झिप्रासिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा अमिसुलप्राइड जोडायचं असेल तर ईसीजी आधी आणि डोस स्थिरावल्यावर. पिमोझाइड सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यांच्यासोबत निषिद्धच, आणि थायोरिडाझिन फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन, फ्लुवॉक्सामिनसोबत निषिद्ध. अ‍ॅरिपिप्राझोल, ब्रेक्सपिप्राझोल, कॅरिप्राझिन, लुरासिडोन या बाबतीत सर्वांत निर्धास्त. म्हणून एस्सिटालोप्रामवर असलेल्या हृदयरुग्णाला जोड द्यायचीच तर आम्ही याच गटाकडे बघू.

हृदयाच्या गतीनुसार दुरुस्त केलेली क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेली तर औषध थांबवून हृदयतज्ज्ञांचा सल्ला घेतात. पण नुसत्या गोळ्यांच्या यादीवर जाऊ नका. जुलाब-उलट्या, लघवीची गोळी, कमी झालेलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांनी सुरक्षित वाटणारी जोडीही धोक्यात येते. कुटुंबात तरुणपणी अचानक हृदय बंद पडल्याचा इतिहास असेल, किंवा स्वतःला बेशुद्धीचे झटके आले असतील, तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगावं.

## पहिले तीन महिने

सुरू करण्याच्या दिवशी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) लिहून ठेवा. ही पाटी कोरी राहिली तर पुढे काही सिद्ध करता येत नाही. वजन पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के वाढ, म्हणजे ७० किलोच्या माणसात साडेतीन किलो, ही औषधाचा फेरविचार करायची खूण आहे. पहिल्या महिन्यातच वजन झपाट्याने वाढणारा माणूस पुढेही वाढतच जातो, म्हणून "पुढे आपोआप थांबेल" या भरवशावर राहू नये. साखर आणि लिपिड १२ आठवड्यांनी पुन्हा, नंतर वर्षातून एकदा.

साठीपुढच्या व्यक्तीत दोन ते चार आठवड्यांनी सोडियम तपासा. एसएसआरआय (सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी अँटिडिप्रेसंट) ते खाली आणतात, थायाझाइड प्रकारची लघवीची गोळी असेल तर जास्तच. अचानक गोंधळ, डोकेदुखी, तोल जाणं याचं कारण नैराश्य नसून सोडियम असू शकतं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत अँटिसायकोटिकने मृत्यूचा धोका वाढतो, तिथे ही जोड सहज म्हणून देऊच नये. २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांत अँटिडिप्रेसंट सुरू करताना आणि डोस बदलताना आत्महत्येच्या विचारांवर घरच्यांनी लक्ष ठेवावं.

रिस्पेरिडोनवर पाळी चुकणं, छातीतून दूध येणं, पुरुषांत कामेच्छा जाणं, हे प्रोलॅक्टिनचं लक्षण. लाजून गप्प बसण्यापेक्षा एक रक्त तपासणी सोपी. अ‍ॅरिपिप्राझोलवर कधी कधी जुगार, खरेदी किंवा खाणं अनावर होतं. रुग्ण स्वतःहून हे सांगत नाही, म्हणून घरच्यांनी विचारावं.

दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन, आणि "नैसर्गिक" म्हणून सेंट जॉन्स वर्ट, हे तिन्ही अँटिडिप्रेसंटसोबत सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) नको तितकं वाढवू शकतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं एसएसआरआयसोबत पोटातला रक्तस्राव वाढवतात.

## ताप आला आणि अंग आखडलं तर

दोन्ही प्रकारची औषधं चालू असताना दोन वेगवेगळे धोके एकसारखे दिसतात. सेरोटोनिन सिंड्रोम काही तासांत येतो, बहुधा डोस वाढवल्यावर किंवा नवी गोळी घातल्यावर २४ तासांच्या आत: थरथर, जुलाब, बाहुल्या मोठ्या, पायाचा घोटा झटके देत नाचतो. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम दिवसागणिक चढतो: अंग सळईसारखं ताठ, बोलणं मंद, घाम, रक्तदाब वरखाली, रक्तात सीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) भरमसाठ. दोन्हींत ताप आणि गोंधळ असतो. घरी यातला फरक ठरवत बसू नका. दोन्ही गोळ्यांचा पुढचा डोस थांबवा, सगळी पाकिटं घेऊन तातडीच्या विभागात जा.

## थांबवताना

परिणामकारक डोसवर चार ते सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर जोडीची गोळी काढून टाकायला हवी. एकावर एक गोळ्या चढत जातात त्या याच टप्प्यावर कोणी हिशेब मागत नाही म्हणून. फायदा झाला असेल तर साधारण सहा महिने स्थिर गेल्यावर, आधी अँटिसायकोटिक हळूहळू उतरवतात आणि अँटिडिप्रेसंट चालू ठेवतात. भ्रमासह आलेल्या नैराश्यात मात्र घाई नको, वर दिलेले आकडे आठवा. दोन्ही एकाच वेळी कधीच कमी करू नयेत, त्रास कुठल्या गोळीचा ते कळत नाही.

अँटिडिप्रेसंट बदलतानाही अँटिसायकोटिककडे पाहावं लागतं. पॅरोक्सेटिन थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात एन्झाइम मोकळं होतं आणि रिस्पेरिडोनची पातळी खाली येते. आजार उलटला असं वाटतं, प्रत्यक्षात डोस अपुरा पडलेला असतो. फ्लुऑक्सेटिनचा अंमल थांबवल्यानंतरही पाच आठवड्यांपर्यंत रेंगाळतो, त्यामुळे तिथे हाच घसरगुंडीचा काळ महिन्याने येतो, जेव्हा कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं. बदलाची तारीख औषधांच्या वहीत लिहा.

जोड सहा महिन्यांपुढे चालू राहिली तर दर भेटीत, निदान सहा महिन्यांतून एकदा, जीभ, ओठ आणि बोटं पाहून घ्यायला सांगा. तोंड उघडून जीभ आत ठेवायची, मग हाताची बोटं एकामागून एक अंगठ्याला टेकवायची, तेवढ्यात जीभ वळवळते का ते दिसतं. वय जास्त असलेल्यांत आणि मूडचा आजार असलेल्यांत टार्डिव्ह डिस्किनेसियाचा (जीभ, ओठ, बोटं यांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा) धोका जास्त असतो. गोळी उतरवताना अशी हालचाल पहिल्यांदाच दिसली तर घाबरून डोस परत वाढवू नका. ती काही आठवड्यांत ओसरू शकते. दोन-तीन महिन्यांनंतरही टिकली तर व्हॅल्बेनाझिन किंवा ड्यूटेट्राबेनाझिन हे उपाय आहेत, आणि त्यांचाही डोस पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन किंवा बुप्रोपिऑन चालू असेल तर कमी ठेवावा लागतो.